इंदूरची शुभांगी, कानपूरची अंगूरी

२०१६ सालच्या एप्रिल महिन्यात ‘भाबीजी घर पर हैं’ या हिंदी मालिकेतली अंगूरी बदलली. कानपूरची मॉडर्न कॉलनी तीच राहिली, तिच्या नवऱ्याचं, मनमोहन तिवारींचं घर तेच, समोर राहणारे आणि सतत भाबीजींच्या अवतीभवती घुटमळणारे विभूती नारायण मिश्रा तेच. घरातली बाई मात्र नवी आली. मार्च २०१५ मध्ये मालिका सुरू झाल्यापासून ही भूमिका करणाऱ्या शिल्पा शिंदे यांचं निर्मात्यांशी बिनसलं आणि त्या बाहेर पडल्या. त्यांच्या जागी शुभांगी अत्रे आल्या. पहिल्या मुंबईच्या मराठी घरातल्या, दुसऱ्या इंदूरच्या. कानपूरच्या या भोळ्या सुनेचा आवाज पहिल्या दिवसापासून मराठी बाईचा होता, आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं तो इंदूरच्या मराठी बाईचा राहिला.

सिनेमातल्या नटीच्या कारकिर्दीवर पुस्तकं निघतात, रंगभूमीवरच्या नटीची आठवण शताब्दीपर्यंत पुरते. रोज रात्री आपल्या घरात येणाऱ्या मालिकेतल्या बाईचं काम मात्र कुणी काम म्हणून तपासत नाही. तिचे कपडे, तिचं मानधन, तिचं घरगुती आयुष्य एवढ्यावरच सगळी चर्चा संपते. मला हे अन्यायाचं वाटतं. शुभांगी अत्रे यांची वाटचाल पाहिली तर मालिकेतल्या अभिनयाच्या दोन सर्वांत अवघड गोष्टी तिच्यात एकत्र दिसतात: परक्या मुलखाची बोली आपली म्हणून बोलणं, आणि दुसरीने घडवून ठेवलेल्या भूमिकेत उभं राहणं.

मी बुऱ्हाणपूरचा, म्हणून यातली पहिली गोष्ट मला जास्त जवळची. इंदूर-इच्छापूर रस्ता आमच्या गावातून जातो. इच्छापूर संपलं की महाराष्ट्र लागतो. आमच्याकडे माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत तीन-चार बोलींतून फिरतो. घरात मराठी, कचेरीत हिंदी, खेड्यातून आलेल्या गिऱ्हाइकाशी निमाडी, यंत्रमागांच्या मोहल्ल्यात उर्दू, आणि रावेरकडचे पाहुणे आले की खानदेशी वळण. याचं आम्हाला कौतुक नसतं, कारण हे असंच असतं. या गावात मोगलांचा सुभेदार म्हणून अब्दुर्रहीम खानखाना राहिला. बाबराच्या आठवणी तुर्कीतून फारसीत आणणारा हा सरदार दोहे रचायला बसला की ब्रज आणि अवधीत रचायचा. परक्या बोलीत इतकं घर करता येतं की त्या बोलीची माणसं आपल्याला तिथलंच समजतात, हे बुऱ्हाणपुरात चारशे वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे.

इंदूरच्या मराठी माणसाचंही तेच. होळकरांच्या वेळेपासून तिथे मराठी वस्ती आहे. महाराष्ट्र साहित्य सभा आहे, बाबा डिके यांची नाट्यभारती झाली, आणि सानंद न्यासामुळे मुंबई-पुण्याची नाटकं तिथे भरल्या सभागृहात होतात. पण घराबाहेर पाऊल टाकलं की माळव्याची हिंदी सुरू होते. शुभांगी अत्रे याच वातावरणातून आल्या. शिक्षण एमबीएपर्यंतचं, अंगात कथक नृत्य. २००६ साली त्या पडद्यावर आल्या त्या स्टार प्लसच्या ‘कसौटी जिंदगी की’मध्ये, पलछिन या भूमिकेतून.

ते साल मालिकांच्या हिशेबात कुठे बसतं हे समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. भारतात दीर्घ मालिकेची सुरुवात ‘हम लोग’ने झाली, ७ जुलै १९८४ रोजी. ती दूरदर्शनवर आणण्याची कल्पना नभोवाणीमंत्री राहिलेल्या वसंत साठे यांची. मेक्सिकोत तिथल्या कौटुंबिक मालिकांतून कुटुंबनियोजन आणि साक्षरता कशी लोकांपर्यंत नेतात हे त्यांनी पाहिलं होतं. मनोहर श्याम जोशी यांनी दीडशेहून अधिक भाग लिहिले. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे. ते खांडव्याच्या गांगुली घरातले; आणि बुऱ्हाणपूर तेव्हा खांडव्याच्याच, म्हणजे पूर्व निमाड जिल्ह्यात होतं. (आमचा जिल्हा वेगळा झाला तो १५ ऑगस्ट २००३ ला.) त्यामुळे आमच्याकडच्या माणसांना ते आपलेच दादामुनी वाटत.

त्याच सुमारास, १९८५ मध्ये, बासू चटर्जींची ‘रजनी’ आली आणि प्रिया तेंडुलकर एका रात्रीत देशभर पोचल्या. विजय तेंडुलकरांची ही मुलगी शाळेत असतानाच ‘हयवदन’मध्ये बाहुली झाली होती, ‘अंकुर’मध्ये जमीनदाराच्या मुलाची बायको झाली होती, मराठी सिनेमांत नायिका झाली होती. पण लोकांनी तिला ओळखलं ते गॅस सिलिंडरवाल्याशी आणि टॅक्सीवाल्याशी भांडणारी गृहिणी म्हणून. गॅसच्या भागानंतर वितरकांनी चिडून निदर्शनं केली, एवढी ती भूमिका लोकांना खरी वाटली. सिनेमा इतक्या लवकर इतका खरा होत नाही. प्रिया तेंडुलकर पुढे ‘हम पाँच’मध्ये भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याशी बोलणारी दिवंगत पहिली बायको झाल्या. चेहऱ्याखेरीज काहीही हलवायची सोय नसलेली भूमिका, आणि तरीही ती लक्षात राहिली. त्या २००२ मध्ये गेल्या तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या.

रीमा लागूंचा मार्ग वेगळा. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या, मूळच्या नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे या रंगभूमीवरच्या. नाटक आणि बँकेतली नोकरी दोन्ही केलेल्या. ‘मैंने प्यार किया’मध्ये त्या सलमान खानच्या आई झाल्या, तेव्हा त्याच्याहून जेमतेम साडेसात वर्षांनी मोठ्या होत्या. सिनेमाने त्यांना आई करून टाकलं. त्यांच्यातली विनोदी नटी टिकवली ती दूरचित्रवाणीने. ‘तू तू मैं मैं’मधली सासू सगळ्यांना आठवते. त्याच काळात, १९९४ मध्ये, अधिकारी बंधूंची ‘श्रीमान श्रीमती’ दूरदर्शनवर सुरू झाली. दोन शेजारी जोडपी, आणि प्रत्येक नवऱ्याला शेजारची बाई जास्त आवडते. तिच्यात रीमा लागू कोकी होत्या, घरेलू, साधी, गोड बोलणारी. ‘भाबीजी घर पर हैं’चा सांगाडा उभा आहे तो याच मालिकेवर. म्हणजे अंगूरीचं मूळ शोधत मागे गेलं तर पुन्हा एक मराठी नटीच भेटते.

२००० सालच्या जुलैमध्ये ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि आठवड्याला एकदा येणारी मालिका मागे पडून रोजच्या मालिकेची चलती झाली. या एका बदलाने नटीचं आयुष्यच बदललं. आठवड्याला एक भाग असेल तर तालीम होते, संहिता हातात येते, भूमिकेचा शेवट कुठे आहे ते ठाऊक असतं. रोजच्या मालिकेत यातलं काहीच राहत नाही. प्रसंग पुष्कळदा त्याच दिवशी सेटवर लिहून येतो. दृश्यं कथेच्या क्रमाने नाहीत, तर जागेच्या सोयीने चित्रित होतात. दिवाणखान्यातली सगळी आधी, स्वयंपाकघरातली मग. सकाळी रडायचं ते कशासाठी, हे ज्या प्रसंगातून कळणार तो प्रसंग संध्याकाळी. बारा तासांची शिफ्ट. मानधन दिवसाच्या हिशेबाने, आणि ते हातात पडायला तीन-तीन महिने लागण्याची या धंद्यात रूढीच झाली आहे. तयार भागांचा जो साठा असतो त्याला सेटवर ‘बँक’ म्हणतात, आणि ही बँक पुष्कळ वेळा दोन-चार दिवसांचीच असते. एखादी नटी आजारी पडली तर पुढच्या आठवड्याची कथा बदलते. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावरून कोणाच्या कथेला लांबी द्यायची, कोणाची गुंडाळायची, ते ठरतं. आपली भूमिका पुढच्या महिन्यात असेल की नाही, हे नटीलाच माहीत नसतं.

शुभांगी अत्रे या यंत्रणेत शिरल्या तेव्हा ती भरात होती. ‘कसौटी’ २००१ पासून चालू होती, प्रेरणा आणि अनुराग यांची पुढची पिढी कथेत आली होती. अशा वेळी प्रवेश करणं म्हणजे लोकांचं लक्ष दुसरीकडे असताना रंगमंचावर येणं. पण वर्षभरातच बालाजी टेलिफिल्म्सच्या ‘कस्तूरी’मध्ये त्यांना मुख्य भूमिका मिळाली. २००७ ते २००९ ती मालिका चालली. मग राजश्रीची ‘दो हंसों का जोड़ा’, २०१० मध्ये, इमॅजिन वाहिनीवर. ही मालिका लवकर संपली आणि पुढे २०१२ मध्ये ती वाहिनीच बंद झाली. सिनेमावाला निदान आपला सिनेमा पुन्हा दाखवू शकतो. मालिकेतल्या नटीची वर्षं जिथे गेली ती वाहिनीसुद्धा उरत नाही, आणि तिचं काम पाहायला मागितलं तर ते कुठे मिळेल हे सांगता येत नाही.

याच सुमारास त्यांच्या कारकिर्दीतलं मोठं वळण आलं, आणि ते बाहेरून छोटं दिसणारं होतं. सब टीव्हीवर २०११ पासून ‘चिड़िया घर’ चालू होती. केसरी नारायण यांचं कुटुंब, घरातल्या सगळ्यांची नावं पशुपक्ष्यांवरून. थोरली सून कोयल. ही कोयल आधी शिल्पा शिंदे करत होत्या. त्यांनी मालिका सोडल्यावर ती शुभांगी अत्रे यांच्याकडे आली. तोवर त्यांनी केलेल्या मुख्य भूमिका प्रेमाच्या आणि अश्रूंच्या होत्या. इथे पहिल्यांदा विनोदी घरात, रोजच्या रोज, दुसऱ्या नटीने लावलेल्या चालीवर काम करायचं होतं. तीन वर्षांनी अंगूरीच्या वेळी पुन्हा तसंच झालं: तीच आधीची नटी, तीच नंतरची. एका नटीने दुसरीची जागा दोनदा घ्यावी असं फार क्वचित होतं. ‘भाबीजी’च्या निर्मात्यांनी त्यांना का निवडलं असावं याचा अंदाज बांधायला फार कष्ट पडत नाहीत. हे काम त्या करू शकतात हे कोयलने आधीच दाखवलं होतं.

मराठी रंगभूमीवर याला ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात आणि तिथे त्याला एक प्रतिष्ठा आहे. १९७५ मध्ये पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ आली, शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून. मंजुळा भक्ती बर्वे यांनी केली. त्यांच्यानंतर सुकन्या कुलकर्णींनी केली, नव्या संचात अमृता सुभाषने केली. प्रेक्षक तिकीट काढून नव्या मंजुळेला पाहायला गेले, जुनीशी तुलना केली, ही तिथे जास्त चांगली, ती इथे, असं बोलत घरी आले. भूमिका सर्वांची, वाट प्रत्येकीची स्वतंत्र. दिग्दर्शक तालमीत नव्या नटीला सांगू शकतो की तू तुझ्या पद्धतीने कर.

मालिकेत ही मुभा नसते. सोमवारी जी बाई दार उघडते ती मंगळवारी दुसऱ्या चेहऱ्याने उघडते, आणि घरातल्या कोणालाही काही वेगळं वाटत नाही. ‘क्योंकि’मधल्या मिहिरचा चेहरा दोनदा बदलला: अमर उपाध्याय, मग इंदर कुमार, मग रोनित रॉय. प्रेक्षकांना ते स्वीकारावंच लागतं, कारण कथा थांबत नाही. पात्र नटीचं नसून वाहिनीचं आणि निर्मात्याचं असतं, हा या धंद्याचा करारातला पायाच आहे. नव्या नटीला आधीचीच लकब, आधीचाच तकियाकलाम, आधीचीच चाल उचलावी लागते. अंगूरीचं ‘सही पकडे हैं’ आणि ‘हाय दैया’ देशभर तोंडी झालं होतं. ते टाळता येणार नव्हतं, आणि नुसती नक्कल केली असती तर दोन आठवड्यांत लोक कंटाळले असते.

शुभांगी अत्रे यांनी काय केलं ते शब्दांत पकडायचा मी प्रयत्न करतो. शिल्पा शिंदे यांच्या अंगूरीत एक लाडिक ढंग होता. वाक्याच्या शेवटी त्या आवाज किंचित ताणायच्या. शुभांगींनी तकियाकलाम ठेवले, पण त्यांचा वेग वाढवला आणि मधल्या जागा डोळ्यांना दिल्या. त्यांच्या अंगूरीला एखादी गोष्ट कळायला लागणारा क्षण दिसतो. आधी चेहरा कोरा, मग भुवया वर, मग उलगडा, आणि तो उलगडाही चुकीचा. कथक शिकलेल्या माणसाला चेहऱ्यावरचे हे तीन टप्पे वेगवेगळे ठेवणं जमतं. माझ्या मते त्यांच्या कामाची किल्ली इथे आहे.

आणि मग भाषा. अंगूरी इंग्रजी शब्द चुकीचे उच्चारते, त्यावर दुसरा कोणी तरी दुरुस्ती करतो, आणि ती त्यालाच शाबासकी देते की तुम्ही बरोबर पकडलं. या विनोदाची मेख अशी की बोलणाऱ्या बाईला आपण चुकतोय याचा पत्ता असता कामा नये. थोडं जरी हसू तिच्या ओठांवर आलं, थोडी जरी ‘बघा मी कसं मुद्दाम म्हणतेय’ अशी जाणीव दिसली, की प्रसंग मेला. एमबीए झालेल्या बाईने तो शब्द जन्मात न वाचल्यासारखा बोलायचा, आणि तेही दिवसाला कित्येक दृश्यांत, वर्षानुवर्षं. ‘ती फुलराणी’तल्या मंजुळेला शुद्ध बोलायला शिकावं लागतं, इथे नटीला शिकलेलं सगळं रोज सकाळी बाजूला ठेवावं लागतं. लेखक मनोज संतोषी उत्तर प्रदेशातले, त्यांच्या लेखणीत ती बोली मुरलेली होती. पण कागदावरची बोली तोंडात बसवणं हे नटीचंच काम, आणि कानपूरची हिंदी माळव्याच्या हिंदीपासून पुष्कळ लांब आहे. ‘हम’ने सुरू होणारं वाक्य, तोंडात गोलावलेले स्वर, नवऱ्याला हाक मारतानाची ओढ. हिंदी पट्ट्यातल्या प्रेक्षकाला यातली खोट लगेच कळते. दहा वर्षांत त्या प्रेक्षकांनी अंगूरीला आपलीच मानलं.

मालिकेचा विनोद मला सगळाच पटतो असं नाही. शेजाऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवणं हाच ज्याचा पाया, त्या लेखनात बाईच्या शरीरावरून स्वस्तातला हशा काढायचा मोह पुष्कळदा झालेला आहे. अंगूरी त्यातून वाचते ती लेखनामुळे नाही. ती भूमिका करणाऱ्या दोघींनीही तिचा भोळेपणा गंभीरपणे घेतला, म्हणून वाचते. विभूती काय बोलतोय ते तिला कळत नाही, आणि तिला न कळण्यामुळे हसू होतं ते विभूतीचं. ही बाजू नटीने सांभाळली नसती तर मालिका कधीच ओंगळ झाली असती.

इंग्लंडच्या उत्तर भागातला एक दाखला इथे उपयोगी पडतो. ९ डिसेंबर १९६० रोजी मँचेस्टरच्या ग्रॅनाडा दूरचित्रवाणीने ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ सुरू केली. टोनी वॉरेन हा त्याच भागातला तरुण लेखक. सॅल्फर्डसारख्या एका गल्लीतली कामगार माणसं, त्यांची दारं, त्यांचा गुत्ता, त्यांची भांडणं. आज ती जगातली सर्वांत दीर्घकाळ चाललेली दूरचित्रवाणी मालिका आहे. तिच्यातली एना शार्पल्स ही फटकळ म्हातारी केली व्हायोलेट कार्सन यांनी, मँचेस्टरच्या ॲन्कोट्स या गिरणी भागात १८९८ मध्ये जन्मलेल्या. लंडनच्या शुद्ध उच्चारांची सवय झालेल्या पडद्यावर त्या आपल्याच गावची बोली घेऊन आल्या, आणि १९८० पर्यंत ती बोलत राहिल्या. त्यांना दुसरीकडची बाई व्हावं लागलं नाही. मालिकाच त्यांच्या गावात येऊन वसली. आपल्याकडे हे उलट झालं. मालिका मुंबईत बनते, कथा कानपुरात किंवा कोलकात्यात किंवा राजस्थानात घडते, आणि नटी येते इंदूरहून, पुण्याहून, भोपाळहून. गाव आणि बोली यांची गाठ नटीच्या तोंडातच मारली जाते. ‘भाबीजी’च्या दुसऱ्या घरातली अनिता भाभीही हेच सांगते: सौम्या टंडन मध्य प्रदेशच्या, आणि २०२१ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या नेहा पेंडसे मराठी. काही काळ कानपूरच्या त्या कॉलनीतल्या दोन्ही भाभ्या मराठी होत्या.

इंदूरच्याच दुसऱ्या मराठी नटीचा रस्ता याच्याशी लावून पाहण्यासारखा आहे. अंकिता लोखंडे यांची ‘पवित्र रिश्ता’ झी टीव्हीवर १ जून २००९ ला सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१४ पर्यंत चालली, चौदाशेहून अधिक भाग. मूळ कथा तमिळ मालिकेची, पण हिंदीत ती मुंबईच्या चाळीतल्या मराठी घरांची केली होती. अंकिता यांना अर्चना होताना परक्या बोलीकडे जावं लागलं नाही. घरातली ‘आई’, ‘बाबा’ ही हाक हिंदी मालिकेत तशीच राहिली, सासू उषा नाडकर्णी, आई सविता प्रभुणे. पण त्यांच्यापुढे बदलाचा प्रश्न दुसऱ्या बाजूने आला. २०११ मध्ये सुशांतसिंह राजपूत यांनी मालिका सोडली आणि मानव म्हणून हितेन तेजवानी आले. इथे नटी तीच, समोरचा नवरा नवा. कालपर्यंत ज्याच्याशी रुसवे-फुगवे केले त्याच नात्याने आज नव्या माणसाकडे पाहायचं, आणि प्रेक्षकाला तो जुनाच वाटायला लावायचं. नव्याची ओळख करून देण्याचं अर्धं काम जुन्या नटीच्या नजरेने केलं. नंतर कथेने काळाची उडी घेतल्यावर आजी आणि नात या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. पुढे त्या ‘मणिकर्णिका’मध्ये झलकारीबाई झाल्या आणि २०२४ च्या सावरकरांवरच्या सिनेमात यमुनाबाई. मालिकेतून सिनेमाकडे जाणारा तो रस्ता. शुभांगी अत्रे मालिकेतच राहिल्या, आणि मला त्यात कमीपणा दिसत नाही. मराठीत रोहिणी हट्टंगडी ‘गांधी’तल्या कस्तुरबा झाल्यानंतरही ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांहून अधिक भाग उभ्या होत्या. राहण्यालाही दम लागतो.

तो दम २०२१ मध्ये स्पष्ट दिसला. एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं. मालिका तर रोज दाखवायच्या. कुणी गोव्याला गेलं, कुणी हैदराबादला. ‘भाबीजी’ची मंडळी नायगावचा आपला सेट सोडून सुरतेला गेली. सुरत म्हणजे आमच्या तापीचं शेवटचं मोठं शहर. मोगलांच्या काळात बुऱ्हाणपूरचा माल त्याच दिशेने बंदरावर जायचा. कानपूरची कॉलनी सुरतेत उभी करून, घरापासून दूर, सगळ्यांनी एकत्र कोंडून घेऊन भाग बनवले. घराघरांत बसलेल्या घाबरलेल्या माणसांना रात्री अर्धा तास हसू मिळावं म्हणून हे काम झालं. पुढच्याच वर्षी, जुलै २०२२ मध्ये, मलखानची भूमिका करणारे दीपेश भान अचानक गेले. २०२५ च्या मार्चमध्ये लेखक मनोज संतोषी गेले. विनोदी मालिकेतल्या नटीला त्या आठवड्यातही सेटवर उभं राहून हसवावंच लागतं.

मालिकेने दोन हजार भागांचा टप्पा ओलांडला, आणि त्यातले बहुतेक भाग शुभांगी अत्रे यांच्या अंगूरीचे आहेत. २०२५ च्या अखेरीस मालिका नव्या रूपात आणायचं ठरलं आणि शिल्पा शिंदे अंगूरी म्हणून परत आल्या. शुभांगींनी निरोप घेतला. ज्यांची जागा त्यांनी दोनदा घेतली त्यांच्याकडेच भूमिका परत गेली.

इंदूरच्या मराठी संस्थांनी आता एक काम हाती घ्यावं. शुभांगी अत्रे आणि अंकिता लोखंडे यांना बोलावून सत्कार-श्रीफळ जरूर द्यावं, पण त्याआधी त्यांच्याशी मराठीत तासन्‌तास बोलून ते ध्वनिमुद्रित करून ठेवावं. मालिकेचा काळ पुसला जातो. ‘इमॅजिन’ वाहिनीसारखा तो नाहीसा होतो. कानपूरची बोली कोणाकडून ऐकून उचलली, पहिल्या आठवड्यात जुन्या अंगूरीचे भाग पाहिले की मुद्दाम टाळले, नवा मानव पहिल्यांदा समोर आला तेव्हा दिग्दर्शकाने काय सांगितलं, दृश्य सकाळचं आणि कारण संध्याकाळचं असताना रडू कुठून आणलं, प्रसंगात अपमान वाटला तर लेखकाशी भांडता आलं का, आणि कितीदा ऐकलं गेलं. हे प्रश्न त्यांना विचारायला मुंबईचे बातमीदार येणार नाहीत. इंदूरला मराठी बोलणारी, नाटक कळणारी माणसं आहेत, आणि बुऱ्हाणपूरहून चार तासांत तिथे पोचून रेकॉर्डरजवळ बसायला आमच्यापैकी पुष्कळ जण तयार आहेत.